जपानी लिलावाची पट्टी

लासलगावच्या बाजार समितीत कांदा विकला की शेतकऱ्याच्या हातात एक कागद पडतो. त्याला हिशेबपट्टी म्हणतात. वर लिलावात पुकारलेला भाव आणि वजन, खाली हमाली, तोलाई, वाराई आणि सगळ्यात शेवटी हातात पडणारी रक्कम. भाव कितीही चढो, नजर जाते ती त्या शेवटच्या ओळीवर. जपानच्या ऑनलाइन लिलावात भारतातून वस्तू घेणाऱ्याच्या हातातही अशीच पट्टी पडते, फक्त ती उलटी असते. तिथे भावातून काही वजा होत नाही, भावात भर पडत जाते. ज्याचं लक्ष पहिल्या ओळीवरच खिळलेलं असतं तो हमखास फसतो, आणि फसवलं कोणी म्हणावं तर कोणीच नाही, सगळं आधीपासून लिहिलेलंच असतं.

या व्यवहारातल्या मध्यस्थाला इंग्रजीत प्रॉक्सी म्हणतात, जपानीत दाइको. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: अडत्या. माल त्याचा नाही, पैसा त्याचा नाही, तो दुसऱ्याच्या वतीने बोली लावतो आणि त्याबद्दल अडत घेतो. बायी, झेनमार्केट, फ्रॉम जपान ही त्यातली ठळक नावं. त्यांची गरज का पडते हे सरळ आहे. जपानमधला सगळ्यात मोठा लिलाव म्हणजे याहू ऑक्शन्स. 1999 साली सुरू झाला. ईबे ही अमेरिकी लिलाव कंपनी 2000 मध्ये तिथे उतरली आणि 2002 मध्ये गाशा गुंडाळून परत गेली, म्हणजे जपानी माणसाच्या माळ्यावरची वस्तू लिलावाला निघते ती मुख्यतः याच दुकानात. पण इथे खातं उघडायला जपानी मोबाइल नंबर लागतो, पत्ता जपानी लागतो, आणि बहुतेक विक्रेते परदेशी माल पाठवतच नाहीत. त्यात एप्रिल 2022 पासून याहू जपानने युरोप आणि ब्रिटनमधून आपली पानं बघणंही बंद केलं, त्यामुळे लंडनच्या किंवा फ्रँकफर्टच्या मराठी माणसाला अडत्याच्या खिडकीतूनच आत डोकावावं लागतं.

ओळखीचं कोणी तिकडे असलं तर? टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाई स्टेशनच्या आसपास, बरीच मराठी कुटुंबं राहतात. एखादी लेन्स त्यांच्या पत्त्यावर मागवून दिवाळीच्या बॅगेतून आणणं जमतं, एकदा. दुसऱ्या वेळी नातं ताणलं जातं. तिसऱ्या वेळी अडत्याचे 500 येन स्वस्त वाटू लागतात.

अडत्याचं काम सुरू होतं बोलीपासून, पण घेणाऱ्याचं काम त्याच्या बरंच आधी सुरू होतं. ते काम वाचनाचं आहे. जपानी विक्रेता खोटं फार क्वचित लिहितो. तो जे आहे ते लिहितो, पण अशा शब्दांत, की त्या शब्दाचं वजन माहीत नसेल तर तुम्हाला हवं तेच तुम्ही वाचता. यंत्राने केलेलं भाषांतर हे वजन काढून टाकतं. त्यातल्या त्यात बरं इतकंच, की जपानी उच्चार देवनागरीत रोमनपेक्षा चांगले बसतात. पुढे येतील ते वीस-पंचवीस शब्द वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवावेत आणि त्यांची मूळ अक्षरं शोधाच्या चौकटीत टाकण्यासाठी शेजारी कॉपी करून ठेवावीत.

एक उदाहरण जवळून बघू. कॅनन एई-1, सोबत 50 मिलिमीटर एफ 1.4 ची लेन्स. हा कॅमेरा 1976 साली आला, अमाप खपला, आणि जपानी घरांच्या कपाटांत तो अजून इतका आहे की रोज नवे नग लिलावाला येतात. मजकुरात साधारण असं लिहिलेलं असतं: इहिन, म्हणजे मृत माणसाच्या मागे राहिलेली वस्तू. दोसा मिकाकुनिन, चालतं की नाही तपासलेलं नाही. गेन्जोहिन, आहे त्या स्थितीत. जंकु आत्सुकाइ, भंगार समजून घ्यावं. शिन्केइशित्सु लोकांनी दूर राहावं, म्हणजे फार चिकित्सक असाल तर बोली लावू नका. नो क्लेम, नो रिटर्न.

यातला जंकु हा शब्द सगळ्यांना घाबरवतो आणि तोच सगळ्यात कमी माहिती देतो. नुसतं जंकु आणि जंकु आत्सुकाइ यात फरक आहे. पहिल्यात वस्तू बहुधा खरंच बिघडलेली असते. दुसरा शब्द ढालीसारखा वापरतात: वस्तू ठीक असेलही, पण माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नका. खरी माहिती असते ती ‘तपासलेलं नाही’ या ओळीच्या पुढच्या कारणात. ‘बॅटरी नसल्यामुळे तपासता आलं नाही.’ एई-1 बॅटरीशिवाय शटरही पाडत नाही, हे खरं. पण त्याला लागणारी 6 व्होल्टची 4एलआर44 बॅटरी ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. विक्रेता घरं रिकामी करून देणारा किंवा जुन्या सामानाचा व्यापारी असेल, त्याच्या इतर यादीत भांडी, बाहुल्या, गोल्फच्या काठ्या असतील, तर कारण पटण्यासारखं आहे. तो काहीच तपासत नाही. त्याच्या यादीत मात्र चाळीस कॅमेरे असतील, लेन्सच्या टोपणांची वेगळी विक्री असेल, आणि त्याच्याकडे एक बॅटरी नसेल, तर त्याने बॅटरी घालून पाहिली आहे आणि काय दिसलं ते आपल्याला कळलं आहे असं समजावं.

मग शाट्टा नाकि. शटरचं रडणं. एई-1 आणि त्याच्या भावंडांचा हा ठरलेला आजार आहे, बटण दाबलं की दमेकऱ्यासारखा किंचाळल्याचा आवाज येतो. मूळ शटरमध्ये नसतं, आरशाच्या यंत्रणेतल्या एका चाकाचं तेल सुकलेलं असतं. योग्य जागी तेलाचा एक बारीक थेंब पडला की आवाज जातो. विक्रेत्याने हा दोष लिहिला असेल तर उलट बरं: याचा अर्थ त्याने बॅटरी घातली, शटर पडलं, त्याने ऐकलं. रडणारा एई-1 हा गप्प असलेल्या एई-1 पेक्षा भरवशाचा. बॅटरीच्या झाकणाचा फोटो मात्र नीट मोठा करून बघा. ते प्लॅस्टिकचं असतं, त्याची जीभ तुटते, आणि आतल्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला असेल तर तो फक्त त्याच फोटोत दिसतो. तो फोटोच दिला नसेल तर तेही एक उत्तर आहे.

मोरुतो रेक्का म्हणजे मागच्या दारातल्या फोमचं चिकट डांबर झालं आहे. ते सगळ्याच जुन्या कॅमेऱ्यांचं होतं, पट्ट्या विकत मिळतात, एका दुपारचं काम. त्यासाठी बोली सोडू नये.

लेन्सचे शब्द वेगळे आणि तिथे चूक महाग पडते. चिरि म्हणजे धूळ, दुर्लक्ष करावं. काबि म्हणजे बुरशी. कडेला एक-दोन धागे असतील तर साफ होतात. काचेच्या लेपात खोल गेली असेल तर साफ केल्यावरही नक्षी राहते. कुमोरि म्हणजे धूसरपणा, आणि त्याची पायरी असते: उसु-कुमोरि, म्हणजे पातळ. पातळ असो की जाड, प्रकाशाच्या दिशेने फोटो काढला की काळा रंग राखाडी होणार. सगळ्यात वाईट बारुसामु-गिरे: दोन काचा चिकटवणारं बाल्सम सुटलं आहे. त्याची दुरुस्ती लेन्सच्या किमतीपेक्षा जास्त. आणि मग येतो तो लबाड शब्द, नेन्शिकि सोओ, ‘वयाला साजेसं’. पन्नास वर्षांच्या लेन्सला काय साजतं हे विक्रेत्याने तुमच्यावर सोडलेलं असतं. अशा वेळी फोटो मोजावेत. मागून टॉर्चचा किंवा खिडकीचा उजेड घेऊन काचेतून आरपार काढलेला एकही फोटो नसेल, सगळे वरून, बाजूने, पेटीसकट, तर धूसरपणा आहे असं धरून बोली लावावी.

याहूने स्थितीच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या आहेत, न वापरलेली ते एकूणच वाईट. त्या पायरीवर फार विसंबू नये, ती विक्रेता एका क्लिकने निवडतो. मजकूर त्याने स्वतः बसून लिहिलेला असतो. विक्रेत्याचं गुणांकन बघताना एकूण टक्केवारीवर न थांबता वाईट शेरे तेवढे उघडावेत. ‘पॅकिंग ढिलं’ असे तीन शेरे असतील तर काचेची वस्तू त्याच्याकडून घेऊ नये, मग टक्केवारी नव्व्याण्णव का असेना.

आता बोली. लिलाव बहुतांशी रात्री संपतात आणि रविवारी सगळ्यात जास्त. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे, त्यामुळे तिथले नऊ ते अकरा म्हणजे आपले साडेपाच ते साडेसात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा संग्राहक पहाटे उठून बसतो, आपल्याला चहाच्या वेळी निवांत बसता येतं. एवढा एक फायदा भूगोलाने दिला आहे.

यंत्रणा अशी: तुम्ही तुमची कमाल रक्कम सांगता, यंत्र तुमच्या वतीने गरजेपुरतंच चढतं. दुसऱ्या माणसाची कमाल जिथे संपते त्याच्या एक पायरी वर तुम्ही थांबता. पायऱ्या ठरलेल्या आहेत. 1,000 येनच्या खाली 10 येन, 1,000 ते 5,000 पर्यंत 100, 5,000 ते 10,000 पर्यंत 250, 10,000 ते 50,000 पर्यंत 500, त्यापुढे 1,000. बहुतेक लोक गोल आकड्यावर थांबतात, म्हणून 10,000 ऐवजी 10,600 अशी कमाल ठेवलेली बरी.

शेवटच्या दहा सेकंदांत बोली टाकून सगळ्यांना गाफील पकडण्याची ईबेवरची खोड इथे फारशी चालत नाही, कारण जिदो एन्चो, म्हणजे आपोआप मुदतवाढ. विक्रेत्याने ही सोय चालू ठेवली असेल तर शेवटच्या 5 मिनिटांत आघाडीची बोली बदलताच लिलाव आणखी 5 मिनिटं लांबतो. पुन्हा बदलली, पुन्हा 5 मिनिटं. साडेसातला संपायचा लिलाव सव्वाआठपर्यंत चाललेला असतो आणि दोघंही बोली लावणारे तोपर्यंत वस्तू विसरून एकमेकांशी भांडत असतात. त्यामुळे आकडा आधी ठरवावा, कागदावर लिहावा आणि खिडकी बंद करावी. पडलेले भाव गेल्या काही महिन्यांचे बघता येतात. त्यातले सगळ्यात वरचे दोन आणि सगळ्यात खालचे दोन सोडून मधल्यांवर आकडा बेतावा.

अडत्यांकडे दोन तऱ्हा असतात. काही जण तुमची बोली तेव्हाच लावतात. काही जण ती राखून ठेवतात आणि शेवटच्या मिनिटांत लावतात. दुसऱ्या तऱ्हेत भाव आधीपासून तापत नाही, पण सोकि श्यूर्यो म्हणजे विक्रेत्याने मुदतीआधीच लिलाव मिटवला तर तुम्ही यादीतच नव्हतात. शेवटची पाच-दहा मिनिटं नवी बोली घेणारच नाही असा नियमही काही ठिकाणी असतो, तो आधी वाचावा. एकाच अडत्याच्या दोन गिऱ्हाइकांना एकच कॅमेरा हवा असेल तर काय, हेही प्रत्येकाकडे वेगळं. कोणाकडे आधी येणाऱ्याला मान, कोणाकडे मोठ्या आकड्याला.

बोली लावली की मागे घेता येत नाही. जिंकल्यावर नको म्हणायचीही सोय नाही. याहूवर घेणाऱ्याच्या कारणाने व्यवहार मोडला की त्याच्या खात्यावर वाईट शेरा पडतो, आणि तो शेरा पडतो अडत्याच्या खात्यावर. त्यामुळे तो ऐकून घेत नाही. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, लासलगावातही बोली फिरवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी उभं करत नाही. ‘दाइको नको’ असं काही विक्रेते मजकुरात स्पष्ट लिहितात. अडत्याच्या खात्यामागे शेरे हजारोंच्या घरात असतात, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो, आणि असा विक्रेता बोली पुसून टाकतो. ती ओळ दिसली की पुढे जावं, वाद घालू नये.

एक बारीक सापळा कराचा. विक्रेता खासगी माणूस असेल तर किमतीपुढे कर शून्य येन असं दिसतं. तो नोंदलेलं दुकान असेल तर बोलीवर 10 टक्के उपभोग कर चढतो. म्हणजे 10,000 ची बोली 11,000 ला पडते. दोन सारख्या वस्तूंची तुलना करताना हे विसरलं जातं.

आता पट्टी मांडू. आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेले आहेत. एई-1 आणि लेन्स 9,000 येनला मिळाली. अडत 500. विक्रेत्याच्या गावाहून अडत्याच्या गोदामापर्यंत 1,000. फेरपॅकिंग 500. तिथून भारतात ईएमएसने, म्हणजे टपालाच्या जलद सेवेने, 3,500. झाले 14,500. म्हणजे ज्या आकड्यासाठी पाऊण तास रक्त आटवलं तो पट्टीच्या जेमतेम साठ-बासष्ट टक्के. हाच हिशेब 1,500 येनच्या स्वस्त लेन्सचा केला तर गंमत वाटेनाशी होते: 1,500 ची वस्तू, तिच्यावर 5,500 चा खर्च. आपल्या कार्डावर परकी चलनासाठी बँक साधारण 2 ते 3.5 टक्के लावते, त्या रकमेवर 18 टक्के जीएसटी वेगळा. आणि अडत्याचा स्वतःचा विनिमय दर बँकेच्या दराहून थोडा त्याच्या बाजूला झुकलेला असतो, तो कोणत्याच ओळीत लिहिलेला नसतो.

देशांतर्गत भाड्यात चाकुबाराइ हा शब्द दिसला तर सावध व्हा. भाडं पोहोचल्यावर, घेणाऱ्याने. म्हणजे बोली लावताना ते किती हे कळत नाही. जपानी टपाल आणि कुरिअर भाडं ठरवतात ते पेटीच्या लांबी-रुंदी-उंचीची बेरीज करून, 60, 80, 100 सेंटिमीटर अशा टप्प्यांत, आणि अंतरावर. ओसाकातल्या गोदामाला क्योतोहून येणारी पेटी स्वस्त, होक्काइदो किंवा ओकिनावाहून येणारी महाग. विक्रेत्याचा प्रांत पानावरच लिहिलेला असतो.

पट्टी हलकी करण्याचा एकच खरा मार्ग म्हणजे चार वस्तू गोदामात साठवून एका पेटीत मागवणं. ईएमएसचा पहिला अर्धा किलो सगळ्यात महाग, पुढचा प्रत्येक टप्पा त्यामानाने स्वस्त. गोदामात ठेवायचे ठरावीक दिवस फुकट असतात, मग रोजचं भाडं सुरू होतं, म्हणून पहिल्या वस्तूची तारीख लिहून ठेवावी आणि त्या मुदतीत बसेल तेवढंच घ्यावं. मुदत संपत आली म्हणून घाईने घेतलेली चौथी वस्तू ही बहुतेक वेळा नको असलेलीच असते. एप्रिलअखेरचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यावरचं ओबोन आणि नववर्षाचे पहिले तीन दिवस या जपानी सुट्ट्यांत गोदामं रेंगाळतात, तेही त्या मोजणीत धरावं.

गोदामातली एक गोष्ट मात्र सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित. याहूच्या व्यवहारात घेणाऱ्याचे पैसे लगेच विक्रेत्याला जात नाहीत, मध्ये अडकवून ठेवलेले असतात. घेणाऱ्याने उकेतोरि रेन्राकु, म्हणजे ‘माल मिळाला’ असं कळवलं की ते सुटतात. इथे घेणारा म्हणजे अडत्या. पेटी त्याच्याकडे पोहोचली, त्याच्या माणसाने वरचा कागद ताडून पाहिला, फार तर उघडून नग मोजले, बटण दाबलं. संपलं. त्याने कॅमेऱ्याचं शटर पाडून पाहिलेलं नाही, लेन्स उजेडासमोर धरलेली नाही, ते त्याचं कामच नाही. तुमच्या हातात वस्तू पडेपर्यंत तीन आठवडे झालेले असतात आणि विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाला पेटी बांधत असतो. म्हणून फोटो काढून देण्याची सोय असेल तर महाग वस्तूसाठी तिचे पैसे भरावेत, नेमकं काय दिसायला हवं ते सांगावं (‘मागची काच, मागून उजेड’), आणि तक्रार करायचीच असेल तर वेगळी वस्तू आली, नग कमी आले, मजकुरात नसलेली मोडतोड दिसते, एवढ्याच मुद्द्यांवर, लगेच करावी. ‘वाटलं त्यापेक्षा जुनी आहे’ ही तक्रार नव्हे.

पाठवण्याच्या पद्धतीत वजनाचा खेळ असतो. ईएमएस प्रत्यक्ष वजन मोजतं, 30 किलोपर्यंत घेतं, आणि 20,000 येनपर्यंतची भरपाई भाड्यातच धरलेली असते, त्यापुढचा विमा वेगळा मागावा लागतो. खासगी कुरिअर पेटीचं आकारमानही मोजतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5,000. 50 बाय 45 बाय 25 ची पेटी म्हणजे 11.25 किलो, मग आतली वस्तू 8 किलोची का असेना. छोट्या, जड वस्तूंना कुरिअर परवडतं. मोठ्या, पोकळ वस्तूंना नाही. 2 किलोच्या आतलं छोटं पाकीट तीन बाजूंची बेरीज 90 सेंटिमीटर आणि सर्वात लांब बाजू 60 च्या आत बसलं तर सगळ्यात स्वस्त. समुद्रमार्ग स्वस्त म्हणून लेन्स त्यात घालू नये. दमट डब्यात ती महिनाभर किंवा जास्त पडून राहते आणि काबिला तेवढंच हवं असतं.

सुट्या लिथियम बॅटऱ्या, अत्तर, फवाऱ्याचे डबे हवाई टपालात जात नाहीत, गोदामातच अडकतात. हस्तिदंताचा व्यापार याहू जपानने नोव्हेंबर 2019 पासून बंद केला. ड्रोन भारतात आणायला फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. हे सगळं बोलीआधी बघायचं असतं.

मग पेटी मुंबईत येते. टपालाची असेल तर बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात सीमाशुल्कासमोर उभी राहते. शुल्क काढतात ते फक्त वस्तूच्या किमतीवर नाही, भाडं आणि विमा त्यात मिळवून. म्हणजे जपानहून येणाऱ्या विमानाच्या भाड्यावरही तुम्ही कर भरता. दर अर्थसंकल्पागणिक हलतो, म्हणून मागवायच्या दिवसाचा बघावा. ‘गिफ्ट लिहून द्या’ असं अडत्याला सांगण्याची आपल्याकडे फार हौस. डिसेंबर 2019 पासून टपाल-कुरिअरने करमुक्त भेट म्हणून वस्तू आणता येत नाही, सवलत राहिली ती जीव वाचवणाऱ्या औषधांना आणि राखीला. शिवाय कमी किंमत लिहून आणलेली पेटी हरवली तर भरपाईही त्याच कमी किमतीची मिळते. अडत्याचं बिल, लिलावाच्या पानाची प्रत, पैसे भरल्याची पावती आणि ओळखपत्र एका फाइलमध्ये ठेवलं की पत्र आल्यावर धावपळ होत नाही.

विजेवर चालणाऱ्या वस्तूंबद्दल थोडं, कारण इथे नुकसान एका सेकंदात होतं. जपानची वीज 100 व्होल्टची. तिकडचा डेक किंवा ॲम्प्लिफायर आपल्या 230 च्या भोकात नुसता पिन बदलून घातला तर धूर येतो. 230 चे 100 करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, वस्तूवर लिहिलेल्या वॉटच्या किमान दीडपट क्षमतेचा. पण तो व्होल्ट बदलतो, हर्ट्झ म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं नाही. जपानात फुजी नदीच्या आसपास एक रेघ आहे: पूर्वेला 50 हर्ट्झ, पश्चिमेला 60. एकोणिसाव्या शतकात टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन, ते भांडण अजून मिटलेलं नाही. जुन्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर या हर्ट्झवरच आपला वेग ठरवते. ओसाकाकडचा, 60 ची पुली लावलेला प्लेअर आपल्या 50 वर लावला की तबकडी मिनिटाला 33⅓ ऐवजी सुमारे 27.8 फेरे घेते. सूर तीन पट्ट्या खाली घसरतो: काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारच्याही किंचित खाली गाऊ लागते, आणि तीही सुस्तावून. पुली बदलता येते, मिळाली तर. माझ्या मते प्लेअर या मार्गाने मागवूच नये. विक्रेते तबकडीखालचं जड ताट वेगळं काढून बांधत नाहीत, प्रवासात ते मधल्या दांड्यावर आपटत राहतं आणि बेअरिंग संपतं.

कॅमेरा घरी आला की पेटी फोडतानाचा व्हिडिओ काढा, बाहेरच्या पट्टीपासून आतल्या कागदापर्यंत, न थांबता. ईएमएसची भरपाई मागताना तो कामी येतो. जून-जुलैत आला असेल तर लेन्स लगेच कपाटात टाकू नका, सिलिका जेलच्या पिशव्या घातलेल्या बंद डब्यात ठेवा, कोकणात तर वर्षभर तिथेच. बॅटरी घाला, शटर ऐका. मग लेन्सचं तोंड पूर्ण उघडून मागून टॉर्च धरा. काचेत दूध सांडल्यासारखं काही दिसलं, तर लिलावाचं पान पुन्हा उघडा आणि या वेळी सावकाश वाचा. उसु-कुमोरि तिथे बहुतेक वेळा असतंच, तिसऱ्या परिच्छेदात, पेटीच्या रंगाच्या वर्णनानंतर.